उल्हासकडचं ऊन

फोनवर आई हसली. नुसतं बोलता बोलता हसणं नव्हे, श्वास लागेपर्यंत, मधले शब्द गिळत. नीरजा स्वयंपाकघरात उभी होती, कानाला फोन आणि हातात लेकीचे, ऊर्मीचे, बर्फात भिजलेले मोजे. "काय सांगू तुला," आई म्हणत होती, "बाहेर बर्फ पडून राहिला अन् आम्ही खिडकी उघडून बसलो. उल्हास तर बनियनवर आहे. खोली तापवायच्या त्या रेडिएटरचं चाक फिरवलं की नुसतं गरगर फिरते, बंदच होत नाही. मी म्हटलं, बाप्पा, हे तर आपलं मे महिन्यातलं नागपूर झालं!" मागून उल्हास, नीरजाचा धाकटा भाऊ, काहीतरी म्हणाला. त्यावर आई पुन्हा हसली, आणि हसताना फोन तोंडापासून दूर गेला असावा, कारण ते हसणं आता नीरजासाठी नव्हतं, त्या खोलीतल्या खोलीत होतं. नीरजाने मोजे सिंकमध्ये पिळले. पाणी काळसर निघालं. आई नोव्हेंबरात आली, आता जानेवारी संपत आला होता, आणि या घरात ती एकदाही अशी हसली नव्हती.

"मी येते," नीरजा म्हणाली. "मी करून देते दुरुस्त."

"काहून गं? सुटीचा दिवस तुझा. आराम कर."

"येते म्हटलं ना."

आईला बोलावण्याची सगळी खटपट नीरजाने केली होती. निमंत्रणपत्र, व्हिसा, विमा, माँट्रियलच्या विमानतळावर घेऊन जायला हातावर टाकलेला जाडा कोट, आईच्या पायांच्या मापाचे बूट. नदीपलीकडच्या ब्रॉसार्ड उपनगरातल्या या घरात तिच्यासाठी खालची खोली तयार केली होती, बाथरूमला लागून, जिने नकोत म्हणून. भिंतीवर एक फळी ठोकून घेतली होती, कारण तथागतांची आणि बाबासाहेबांची जोड-तसबीर आई जाईल तिथे नेते, हे तिला माहीत होतं. आईने फळी पाहिली आणि म्हणाली, "किती व्यवस्थित आहेस गं तू." मग ती सोफ्याच्या कडेला शाल घेऊन बसू लागली. थंडी वाजते का विचारलं की म्हणायची, नाही, बरं आहे. घरातली उष्णता ठरवणारा थर्मोस्टॅट एकोणीस अंशांवर असायचा. वाढव ना आई, हे बटण दाबायचं फक्त, असं नीरजाने दाखवलं होतं. आईने कधी दाबलं नाही. साहेबांच्या घरी पाहुणं म्हणून गेल्यावर माणूस पंख्याचं बटण दाबत नाही, तसं. मग एक दिवस म्हणाली, दोन दिवस उल्हासकडे जाऊन येते, तो एकटा आहे. पिशवीत दोन साड्या घातल्या आणि फळीवरची तसबीर टॉवेलमध्ये गुंडाळून वर ठेवली. ती तसबीर पिशवीत जाताना पाहिली तेव्हाच नीरजाला कळलं होतं की हे दोन दिवसांचं काम नाही. तिसरा आठवडा लागला होता.

नीरजाचा नवरा प्रफुल्ल डायनिंग टेबलाशी ऊर्मीला संत्रं सोलून देत होता. गॅरेजमधून नीरजाने टूलबॉक्स आणला, तो त्याने पाहिला. "घरमालकाचं काम आहे ते," तो म्हणाला. "तू कशाला हात लावतेस?"

"त्यांना झोप येत नसेल एवढ्या गरमीत."

"त्यांना येत नाही, की तुला येत नाही?" हे त्याने टोचायला म्हटलं नव्हतं. संत्र्याच्या फोडीवरचा दोरा काढत सहज म्हटलं होतं, म्हणून ते जास्त लागलं. ऊर्मी म्हणाली, "इज आजी कमिंग बॅक?" आणि नीरजा म्हणाली, "हो. आज घेऊन येते." म्हणजे हे तिच्या मनात आधीपासून होतं. बोलल्यावरच ते तिला ऐकू आलं.

माँट्रियलकडे जाणाऱ्या पुलावर वारा गाडीला बाजूला ढकलत होता. खाली नदी पांढरी, मधूनच काळी. इमारतींना उष्णता पुरवायच्या यंत्रणांचे आराखडे काढणं, हे नीरजाचं कामच होतं. शाळा, हॉस्पिटलं, वृद्धाश्रम, कुठल्या खोलीला किती उष्णता लागेल याची गणितं ती ऑफिसात दिवसभर करायची. अशा बाईच्या घरात तिच्या आईला शाल लागते आणि अर्धवट पीएचडी सोडून पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या भावाच्या मोडक्या खोलीत ती खिडकी उघडून हसते. यात कुणाचंच काही चुकलेलं नव्हतं, आणि त्यामुळे राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. उल्हासवर तर कुणालाच रागावता येत नसे. त्याला लहानपणी दमा होता. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये रात्री त्याच्या छातीतून मांजराच्या पिल्लासारखा आवाज यायचा आणि आई उठून बसायची. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. दिवसभर वॉर्डात उभी राहिलेली बाई, पण त्याच्या उशाशी बसली की तिचे पाय दुखत नसत. वाफेचं भांडं, टॉवेलखाली दोघांची डोकी, आत चाललेलं त्यांचं पुटपुटणं. नीरजा पलीकडच्या खाटेवर डोळे मिटून पडायची. टॉवेलखाली काय बोलतात ते ऐकायचा प्रयत्न करायची. कधीच नीट ऐकू आलं नाही.

बाबा, म्हणजे रावसाहेब, वस्तीतल्या सभेत सांगायचे की आमच्या घरात मुलगा-मुलगी भेद नाही. ते खरं होतं. वह्या सारख्या, दूध सारखं, नीरजाच्या इंजिनिअरिंगला तर सगळ्या घराने कंबर कसली होती. आई वॉर्डातल्या इतर सिस्टरांना सांगायची, माझी पोरगी पहिली आली. घरी येऊन ती नीरजाकडे अशी बघायची, जसं चांगल्या बांधलेल्या घराकडे बघतात. अभिमानाने. पण अभिमान लांबून करायचा असतो. ज्याला कुशीत घेतलंय त्याचा कुणाला अभिमान वाटत नाही, त्याची काळजी वाटते. एका उन्हाळ्यात नीरजाने फ्रॉकच्या खिशातला कांदा काढून टाकला, ऊन लागू नये म्हणून आईने घातलेला, आणि भर दुपारी क्वार्टरच्या गच्चीवर जाऊन उभी राहिली. तिला ऊन लागायला हवं होतं. ताप यायला हवा होता, निदान एक उलटी. सिमेंटने तळवे भाजत होते, डोळ्यांपुढे पिवळं पिवळं होत होतं, तरी ती उभी होती. मग तहान लागली म्हणून खाली आली, माठातलं पाणी प्यायली आणि काहीही झालं नाही. संध्याकाळी आई आली, उल्हासच्या छातीला हात लावून पाहिलं, आणि नीरजाच्या काळवंडलेल्या तोंडाकडे बघून बाबांना म्हणाली, "हिची मला काही काळजी नाही. माझी खंबीर पोरगी आहे ही." ते वाक्य पुढे कितीदा तरी ऐकलं. नीरजाच्या लग्नात ऐकलं. ऊर्मीच्या जन्माच्या वेळी आई येऊ शकली नाही, तेव्हा फोनवर ऐकलं.

उल्हासच्या इमारतीच्या जिन्यात कुणाच्या तरी कांद्याच्या फोडणीचा आणि ओल्या गालिच्याचा वास होता. त्याने दार उघडलं आणि आतलं ऊन तिच्या तोंडावर आलं. दुसरा शब्दच नव्हता. चष्म्यावर वाफ धरली, सगळं पुसलं गेलं, आणि आधी आईचा आवाज ऐकू आला. "आलीस? बस, चहा ठेवते." चष्मा पुसून पाहिलं तर आई अनवाणी होती. सुती गाऊन, केस मोकळे, नुकते धुतलेले, गालांवर रंग. ब्रॉसार्डला ती म्हातारी दिसायची. इथे ती फक्त आई दिसत होती.

खिडकीखाली तो रेडिएटर होता, जाड लोखंडी पन्हळींचा, कितीतरी वेळा रंगवलेला. त्यावर फ्रेंच वर्तमानपत्र पसरून आईने मुगवड्या घातल्या होत्या. एका टोकाला टॉवेलात गुंडाळलेलं दह्याचं पातेलं. खिडकीच्या कठड्यावर, उघड्या फटीतून येणाऱ्या गार वाऱ्यापासून जरा बाजूला, ती जोड-तसबीर, तिच्यापुढे एक सफरचंद. म्हणजे एका बिघाडाची आईने गच्ची केली होती. वड्या, दही, उन्हात बसायची जागा. उल्हासने घाईघाईने शर्ट चढवला. "ताई, कशाला आलीस गं एवढ्या बर्फात? कॉन्सिअर्जला सांगितलंय मी. तो म्हणाला, मंगळवारी प्लंबर आणतो." कॉन्सिअर्ज म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस. उल्हास त्याच्याबरोबर रोज कॉफी प्यायचा.

"मंगळवारपर्यंत आईने असं उकडत बसायचं?"

"मी कुठं म्हटलं, मी उकडून राहिली?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मला तर बरं वाटून राहिलं."

नीरजा गुडघ्यांवर बसली. चाक फिरवून पाहिलं. ते खरंच गरगर फिरत होतं. आतल्या दांड्याचे आटे झिजून चाकाची पकड सुटली होती आणि व्हॉल्व्ह सताड उघडा अडकला होता. गोष्ट साधी होती. आणि तितकीच साधी दुसरी गोष्ट तिला माहीत होती, ऑफिसात नव्या पोरांना ती पहिल्या दिवशी सांगायची, की खाली बेसमेंटमधून लाइन बंद करून पाणी काढल्याशिवाय असल्या व्हॉल्व्हच्या नटाला पाना लावायचा नाही. आत दाबाखालचं कढत पाणी असतं. हे सगळं तिच्या डोक्यात होतं, ठळक अक्षरांत, आणि त्याच डोक्यात दुसरंही होतं, की ही खोली गार झाली पाहिजे. आत्ता. एकोणीस. मग बघू काय सांगते, का राहते इथे. मग शाल लागेल. मग कारण उरणार नाही, आणि कारण उरलं नाही तरी ती राहिली तर मला कळेल.

आई वड्यांचा कागद उचलायला आली. चारी कोपरे धरून तिने तो उचलला, झोपलेलं मूल उचलावं तसा. "थोड्या ओल्याच आहेत अजून," ती म्हणाली. "उद्याचा एक दिवस मिळाला असता तर झाल्या असत्या कडक." तक्रार नव्हती त्यात. पण नीरजाच्या कानशिलाशी काहीतरी फडफडायला लागलं. वड्या. माझ्या घरी एवढा मोठा ओव्हन आहे, तो कशाचाही वास न लागता तसाच आहे.

"ताई," उल्हास हळू म्हणाला, "खालून लाइन बंद करून येऊ का? चावी आहे माझ्याकडे."

"नको. मला कळतं."

तिने पाना लावला. नट हलेना. तिने पाय भिंतीला टेकवला आणि सगळा जोर लावला. नट एकदम सुटला. आधी नुसती सूं अशी हवा आली, त्या क्षणी तिला थांबता आलं असतं. ती थांबली नाही, आणखी अर्धा वेढा दिला, आणि मग काळं, लोखंडाच्या वासाचं पाणी उसळलं आणि तिच्या डाव्या हातावर, मनगटापासून बोटांपर्यंत, पसरलं. पहिल्यांदा ते गार वाटलं. मग ती ओरडली. आपण असं ओरडू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं.

उल्हास दारातून जिन्याकडे धावला. पाण्याचा फवारा पडद्यावर, भिंतीवर, तिच्या कोटावर. आणि आईने तिला खांद्याला धरून उठवलं. हा हात वेगळा होता. त्यात घाई नव्हती. "चल. इकडे. हात वर नको करू." स्वयंपाकघरातला नळ सोडला, तिचा हात त्याखाली धरला, दुसऱ्या हाताने आधी बांगडी उतरवली, मग अंगठी, सूज यायच्या आत. "हलवू नको. दुखेल, दुखू दे, पण हात काढायचा नाही." हा वॉर्डातला आवाज होता. नीरजाने तो लहानपणी दुसऱ्यांसाठी वापरलेला ऐकला होता. पाण्याखाली हात लालबुंद होत होता. आईचा खांदा तिच्या खांद्याला लागून होता, ओल्या केसांना शिकेकाईचा वास होता, आणि त्या सगळ्या आगीच्या खाली, खोल कुठेतरी, नीरजाला इतकं बरं वाटत होतं की तिला त्याची भीती वाटली. मी हे मुद्दाम केलं का? तो अर्धा वेढा का दिला? तिने आठवून पाहिलं, पण पाना, नट आणि भिंतीला टेकवलेला पाय यापलीकडे काही आठवेना.

"डोळ्यात नाही ना गेलं? पाहू." आईने ओल्या बोटांनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. पापणी खाली ओढून पाहिली. मग पुन्हा हात नळाखाली.  आई म्हणाली, जणू स्वतःशीच, "लहानपणी तू कधी पडलीच नाहीस. उल्हासच सारखा धडपडायचा."

"पडले होते," नीरजा म्हणाली.

"कधी?"

"पुष्कळदा."

आईने तिच्याकडे पाहिलं नाही. नळाची धार थोडी कमी केली आणि हात तसाच धरून ठेवला, आधीपेक्षा किंचित घट्ट. काहीतरी ती बोलणार होती. नीरजा वाट पाहत होती. इतका वेळ पाहिली होती तर आणखी थोडा वेळ.

तेवढ्यात उल्हास आला, बेसमेंटमधल्या गळक्या पाइपखाली नखशिखांत भिजलेला, धापा टाकत. "झाली बंद. आपली सगळी लाइन बंद करावी लागली, खालच्या आजीबाईंचंही हीटिंग गेलं. त्यांना सांगून आलो, माझ्याच हातून झालं म्हणून." माझ्याच हातून. त्याने ते इतक्या सहज म्हटलं की नीरजाला आभार मानायला फटच सापडली नाही. "प्लंबर उद्या येईल. ताई, हात? आई, हॉस्पिटलला न्यायचं का?"

"फोड आले नाहीत मोठे. मी पाहते. पण तू रे, केवढा भिजलास! छाती भरंल तुझी." आणि आईने नीरजाचा हात सोडला. टॉवेल घेतला आणि उल्हासचं डोकं पुसायला लागली, खसाखसा, तो चाळिशीकडे झुकलेला माणूस मान खाली घालून उभा. नीरजा नळाखाली आपला हात आपणच धरून उभी राहिली. टॉवेलखाली आई काहीतरी पुटपुटली, तो हसला. नीरजाला ऐकू आलं नाही.

नंतर आईने हातावर ओलं फडकं आणि त्यावर स्वच्छ पांढऱ्या रुमालाची सैल पट्टी बांधली, फार सुबक. उल्हासने जमीन पुसली. रेडिएटर लोखंड आकसल्यासारखा टक् टक् वाजत निवत गेला. खिडकी आता लावली होती, तरी तासाभरात खोलीतलं ऊन गेलं. काचेच्या कडेला बर्फाची बारीक नक्षी चढू लागली. आईने पायात मोजे घातले, मग स्वेटर, मग शाल. म्हणजे नीरजाच्या मनासारखं झालं होतं. तिने खुर्चीत बसून आईला शाल घेताना पाहिलं, आणि तिला वाटलं, एवढ्या लांबून येऊन मी एका बाईच्या अंगावरचं ऊन काढून घेतलं.

"चला," आई म्हणाली. तिने तसबीर टॉवेलात गुंडाळली. "नीरजाकडे जाऊ. तिला एका हातानं काय जमंल? पोळ्या तरी लाटून देईन. उल्हास, तूही चल. इथं कुडकुडत बसशील काय?"

"मी राहीन गं इथे," उल्हास म्हणाला. मग नीरजाकडे पाहून, "ताई, तुला चालेल का?" हे त्याने खरोखर विचारलं होतं. त्याच्या डोळ्यांत काही जिंकल्याचं नव्हतं, कधीच नसे. त्याला हे माहीतच नव्हतं की काही स्पर्धा चालू आहे. नीरजा म्हणाली, "चल. बेसमेंटमध्ये सोफा-बेड आहे."

बाहेर अंधारून आलं होतं. गाडीवर बर्फ साचलं होतं, उल्हासने ते बाहीने झाडलं. त्याला गाडी येत नव्हती. प्रफुल्लला बोलावू म्हणून आई म्हणाली, पण गाडी ऑटोमॅटिक होती आणि उजवा हात शाबूत होता. उल्हासने पुढचं दार उघडलं, आईसाठी. आई पिशवी घेऊन मागच्या दाराकडे वळली. "तूच बस पुढं," ती त्याला म्हणाली. "तुझे पाय लांब. मागं अवघडशील."

"आई, तू पुढे बस," नीरजा म्हणाली.

"अगं, त्याचे पाय..."

"त्याला बसू दे मागे. मला तू पुढे हवी आहेस."

तिला ते शांतपणे म्हणायचं होतं. पण आवाज चिरकला, मोठा निघाला. समोरच्या फुटपाथवर फावड्याने बर्फ उपसणारा माणूस थांबून बघू लागला. नीरजाला लाज वाटली, पण शब्द परत घ्यायला ती तयार नव्हती. ती ड्रायव्हरच्या दाराशी उभीच राहिली, गुंडाळलेला हात छातीशी धरून. उल्हास मागे जाऊन बसला, गुडघे जवळजवळ हनुवटीला लागलेले, मांडीवर पिशवी. आई बर्फात उभी होती. तिच्या स्कार्फवर पांढरे कण पडत होते. ती नीरजाकडे पाहत होती, आणि आज पहिल्यांदाच त्या पाहण्यात कौतुक नव्हतं, गोंधळ होता. मग ती पुढे येऊन बसली.

"एवढंच होतं," पट्टा लावायची धडपड करत ती म्हणाली, "तर बोलायचं ना गं."

एवढंच.  नीरजाने उजव्या हाताने आईचा पट्टा अडकवून दिला आणि गाडी काढली. बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने रस्ते काळे झाले होते. मॉल गेला, सिग्नल गेले, पूल आला. वारा सकाळपेक्षा जोरात होता. मागे उल्हासचा श्वास संथ झाला, त्याला झोप लागली होती. पट्टीखाली हात आता ठोके मारत होता, नाडीबरोबर. पुलाच्या मध्यावर आईने विचारलं, "लय दुखून राहिलं का?"

नाही, हा शब्द नीरजाच्या तोंडात तयार होता, घासूनपुसून. ती समोरच्या गाडीच्या लाल दिव्यांकडे बघत राहिली.

"हो," ती म्हणाली. "खूप दुखतंय, आई."

 आईने शालीतून हात काढून नीरजाच्या खांद्यावर ठेवला. मग ती मान वळवून मागे पाहू लागली, उल्हासच्या अंगावरून कोट सरकलाय का, त्याचा श्वास नीट चालतोय का ते. बराच वेळ ती तशीच मागे बघत होती. पण पूल संपला, ब्रॉसार्डचा फाटा आला, तरी खांद्यावरचा हात तिने काढला नाही.